‘सुस्त’ बोटीची बाजू

बाईक बघायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला, “टॉप स्पीड किती?” शिडाची बोट घेणारी मंडळीही यात मागे नाहीत. ते वेग विचारतात, मग आत वाकून केबिन किती ऐसपैस आहे ते बघतात आणि खूश होतात. लांबच्या सफरीची, बत्तीस-पस्तीस फुटांची बोट पारखायला हे दोन्ही प्रश्न अपुरे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. जड आणि सुस्त म्हणून हिणवलेल्या बोटीची बाजू आज मांडावीशी वाटते.

आधी वेगाचं गणित बघू. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यामुळे तिची कमाल चाल साधारण १.३४ गुणिले पाण्यालगतच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ, इतके नॉट एवढीच असते. लांबी २८ फूट असेल तर ७.१ नॉट, ३६ फूट असेल तर ८. म्हणजे आठ फूट जास्त बोट घेतली आणि हाती लागला जेमतेम एक नॉट! हलकी, सपाट तळाची बोट लाटेवरून घसरत हा नियम मोडते, हे खरं. पण तीन महिन्यांचं धान्य, पाणी, डिझेल भरल्यावर ती हलकी राहते का?

आता आराम. रिकामी एसटी खड्ड्यात कशी उडते आणि भरलेली कशी दमाने जाते, हे मागच्या सीटवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बोटीचंही तसंच. लाट तेवढीच असली तरी जड बोट सावकाश वरखाली होते, हलक्या आणि रुंद बोटीला मात्र झटके बसतात. बंदरात उभ्या बोटीतला डबलबेड छान दिसतो, पण भर समुद्रात माणूस त्यावर इकडून तिकडे लोळत राहतो. तिथे आपल्या हॉस्टेलच्या खाटेसारखा अरुंद, कडेला कापड बांधलेला बंकच कामाचा. हात टाकाल तिथे धरायला दांडी हवी, आणि बोट कलली तरी सपाट राहील असा टांगता स्टोव्ह हवा. आराम ही चैन नव्हे. चार रात्री न झोपलेला माणूस नकाशा चुकीचा वाचतो, शीड उतरवायला उशीर करतो, आणि मग अपघात होतात.

सुरक्षिततेचंही एक ढोबळ सूत्र आहे. १९७९ साली फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक दगावले. त्यानंतर हे सूत्र पुढे आलं. बोटीची रुंदी (फुटांत) घ्या, वजनाला (पौंडांत) ६४ ने भागून त्याचं घनमूळ काढा, आणि रुंदीला त्याने भागा. उत्तर २ पेक्षा कमी आलं पाहिजे. ११ फूट रुंद, २०,००० पौंडांच्या बोटीचं उत्तर येतं १.६२. रुंदी तीच ठेवून वजन निम्मं केलं की २.०४! कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. यात बोटीचा गुरुत्वमध्य येत नाही, म्हणून हे अंतिम सत्य नव्हे. पण रुंद केबिन आणि कमी वजन एकदम मागितलं की काय द्यावं लागतं, ते यातून कळतं.

याचा जिताजागता दाखला मुंबईत घडला. अमेरिकन डिझायनर विल्यम अ‍ॅटकिन यांच्या ‘एरिक’ या जुन्या आराखड्यावरून १९६४ मध्ये इथल्या सुतारांनी सागवानात ३२ फुटी ‘सुहैली’ बांधली. १९६८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सुहैली त्यात सर्वांत वेगवान मुळीच नव्हती. तिच्यात पाणी झिरपत होतं, स्वयंचलित सुकाणूही मोडलं. पण शिडं नीट जुळवली की ती आपापली सरळ जायची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परतले, सरासरी अवघी चार नॉट. नऊपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच!

त्याच आराखड्यावरून सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात फायबरची ‘वेस्टसेल ३२’ निघाली. लोकांनी तिचं नाव पाडलं ‘वेटस्नेल’, म्हणजे ओली गोगलगाय. ऑक्टोबर १९९१ च्या प्रसिद्ध ‘परफेक्ट स्टॉर्म’मध्ये अशाच एका ‘सटोरी’ बोटीवरच्या तिघांना कोस्ट गार्डने उचललं. बोट मात्र वादळात एकटीच तरंगत राहिली आणि काही दिवसांनी मेरीलँडच्या किनाऱ्याला लागली, जवळपास धडधाकट.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर वकिली एकतर्फी होईल. लांबलचक कील म्हणजे पाण्याशी जास्त घर्षण. मंद वाऱ्यात ही बोट रेंगाळते, वाऱ्याच्या दिशेने चढताना मागे पडते, आणि बंदरात रिव्हर्स घेताना मालकाचा घाम काढते. गेटवेहून मांडव्याला जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर हलकी, अरुंद कीलची बोटच घ्यावी. तिथे वीस हजार पौंड घेऊन फिरणं हा शुद्ध वेडेपणा.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की बोटीचा आकडा ऐकला की तो कुठल्या परिस्थितीतला, हे आधी विचारायचं. आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनलाही हे लागू आहे. तिथे दरवर्षी मॅक्सिमम स्पीड आणि मिनिमम वेट यांचे तक्ते लागतात, टाळ्याही पडतात. या वर्षी परीक्षक सरांनी आणि मित्रांनो तुम्हीही एक प्रश्न जरूर विचारा : लोड किती होता, आणि सलग किती तास चालवलं?