फायलींचा नवा पत्ता
मुंबईत खारदांड्याच्या उत्तरेला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबली जमिनीला लागतात. कंपन्यांच्या फायली अशाच केबलींतून परदेशी जातात. त्या पाठवणारा सर्व्हर मात्र वर्षानुवर्षं ऑफिसातल्या एसी खोलीत असायचा. 2016 साली ॲमेझॉननं मुंबईत क्लाउड सुरू केला आणि ऑफिसातला सर्व्हर तिथं हलवणं सोपं झालं. 2018 साली रिझर्व्ह बँकेनं पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी ॲमेझॉनची तयार एसएफटीपी, म्हणजे फायली सुरक्षित पाठवण्याची, सेवाही आली. पण घाई नको! 2023 साली मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या भगदाडातून क्लॉप टोळीनं दोन हजारांहून अधिक संस्थांचा डेटा पळवला. म्हणून सर्व्हर हलवण्याआधी जुनी खाती, प्रवेशाच्या डिजिटल किल्ल्या, रात्री आपोआप धावणारी कामं यांची यादी करावी. नोकरी सोडून गेलेल्यांचे चालू पासवर्ड तिथंच सापडतात.