घराचं घड्याळ लोकलवर

आमच्या बदलापुरात मुलं आठवी-नववीत गेली की आयांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, उंचीचा. कुणी दुधात घालायची पावडर सुचवतं, कुणी दाराच्या चौकटीत बसवायचा लोंबकळायचा बार. मेडिकलवाल्याने तर या वयासाठी अख्खा एक कप्पा राखून ठेवलाय. पण पोरगा झोपतो किती, हे कुणी कुणाला विचारत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. साडेअकराला आडवा होतो, सहाला उठवावा लागतो. म्हणजे साडेसहा तास. 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलं आहे. वाढीचं संप्रेरक जास्तीत जास्त स्रवतं तेही गाढ झोपेत. आपण मात्र झोप तोडतो आणि वर पावडर पाजतो.

खापर फोडायला मोबाइल आहेच. तो काही साव नाही, पण सगळा दोष त्याचाही नाही. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात पूर्वीपेक्षा उशिरा स्रवू लागतं. दहा वाजता ‘झोपच येत नाहीये’ म्हणणारी मुलगी नेहमी नाटकच करत असते असं नाही.

त्यात उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात घराचं घड्याळ लोकल चालवते. सीएसएमटी ते बदलापूर 68 किलोमीटर. सहाला ऑफिस सुटलं तरी घरी पोचेपर्यंत आठ वाजून जातात, आणि कल्याणपुढे गाडी रखडली तर नऊ. क्लासही त्याच सुमाराला सुटतात. रात्री स्टेशनबाहेर पाच मिनिटं थांबून पाहा. भाजीची पिशवी सांभाळत जिना उतरणारी आई आणि पाठीला दप्तर, हातात वडापाव असलेला मुलगा एकाच शेअर रिक्षात बसतात. साडेनऊला कुकर लागतो, दहाला पानं वाढली जातात, मग उरलेला गृहपाठ.

या उशिराच्या जेवणामागे माया असते. दिवसभरात सगळे समोरासमोर येतात ते तेवढ्यापुरतेच. म्हणून मुलांना आठला जेवायला वाढा म्हटलं की आयांना वाईट वाटतं. तरी वाढावं. बाबांशी गप्पा त्यांच्या पानाशेजारी बसूनही होतात. क्लासवाल्यांनाही आठनंतरची बॅच नको, असं चार पालकांनी मिळून सांगितलं तर ते ऐकतील, फी आपणच भरतो.

सकाळची गोष्ट मात्र घरच्या हातात नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. हेतू चांगला. पण जागा अपुरी म्हणून दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेत धाकट्यांना उशिराची पाळी दिली, तर भल्या सकाळची कुणाच्या गळ्यात पडणार? ज्यांना रात्री लवकर झोपच लागत नाही, नेमकी त्यांच्या. अमेरिकेतल्या सिएटल शहराने 2016 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा जवळपास तासभर उशिरा भरवायला सुरुवात केली. अभ्यासकांनी तिथल्या मुलांची झोप मोजली, ती सरासरी 34 मिनिटांनी वाढली होती.

पुरेशी झोप होऊनही मुलगी वर्गात पेंगत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, आणि मुलगेही 31 टक्के निघाले. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून बाकाखाली टाकून दिली जाते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. पाळी, पुरळ, मनातली घालमेल यांबद्दल घरी बोलता येत नसेल, तर सरकारी रुग्णालयांत याच वयासाठी मैत्री क्लिनिक चालवली जातात. तिथे पैसे पडत नाहीत.

पालकसभेत आपण फीवरून तावातावाने भांडतो, बसच्या भाड्यावरून भांडतो. या जूनमध्ये आठवी ते दहावीची पहिली घंटा किती वाजता होते आणि का, हेही उभं राहून विचारायला हवं. एकट्याने विचारलं तर उडवून लावतील, म्हणून शेजारच्या दोघी-तिघींना सोबत न्या.