घरचे विज्ञान : पाण्याला आरसा कोणी लावला?

सांवेरहून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. इंदूर आणि उज्जैन यांच्या साधारण मध्यावर वसलेले हे तहसिलीचे गाव. घरात मराठी, शाळेत हिंदी, असा तेथील पुष्कळ मराठी कुटुंबांप्रमाणे त्यांचाही परिपाठ आहे. त्यांचे चिरंजीव यंदा दहावीत आहेत. ‘पूर्ण आंतरिक परावर्तना’ची व्याख्या त्यांनी आईसमोर घडाघडा म्हणून दाखविली. आईने सहज विचारले, “अरे, पण पाण्याला आरसा कोणी लावला, की प्रकाशाने आतूनच मागे फिरावे?” चिरंजीव निरुत्तर झाले. आता घरच्या वस्तूंनी हे काही पाहता येईल काय, अशी त्या मातेची पृच्छा आहे.

आमच्या मते मातेचा प्रश्न व्याख्येहून मोलाचा आहे. व्याख्येने परीक्षेतील गुण मिळतात आणि ते मिळवावेतच. परंतु आरसा नसताना प्रकाश परततो ही गोष्ट ज्याला चमत्कारिक वाटली नाही, त्याला ती समजली असे म्हणता येणार नाही.

प्रथम थोडी तयारी करू. प्रकाशाचा किरण पाण्यातून वर हवेत येताना सरळ उभा आला तर सरळच बाहेर पडतो. तिरपा आला तर बाहेर पडताना अधिक आडवा होतो. आतील तिरपेपणा वाढवीत नेला की बाहेरचा किरण झपाट्याने आडवा होत जातो, आणि आतील किरण उभ्या रेषेशी सुमारे ४९ अंशांचा कोन करू लागला, म्हणजे बाहेरचा किरण पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटूनच चालतो. याच्याही पुढे गेल्यास बाहेर पडण्यास त्याला वाटच उरत नाही. सगळाच्या सगळा प्रकाश आत परततो. या कोनाला पुस्तकात ‘क्रांतिक कोन’ म्हणतात. (क्रांतीशी त्याचा काही संबंध नाही, ‘सीमेचा कोन’ म्हटले तरी चालेल.) साध्या काचेसाठी तो सुमारे ४२ अंश, तर हिऱ्यासाठी अवघा २४ अंश भरतो. हिऱ्यात शिरलेला प्रकाश चटकन बाहेर पडू शकत नाही, पैलूंवर पुनःपुन्हा आपटून शेवटी समोरूनच बाहेर येतो, आणि आपण त्या झळाळीचे दाम मोजतो.

परत फिरण्यासाठी दोन अटी आहेत हे ध्यानात ठेवावे. प्रकाश दाट पदार्थातून विरळ पदार्थाकडे निघालेला असावा, आणि तो पुरेसा तिरपा असावा. बाहेरची हवा हाच येथे आरसा होय.

आता अळूचे एक पान घ्यावे. अळवावरच्या पाण्याची उपमा आपण सारेच देतो. येथे पाण्यातील अळू पाहावयाचा आहे. बादलीत स्वच्छ पाणी भरून पान त्यात बुडवावे आणि किंचित तिरपे धरावे. हिरवेगार पान चांदीचा वर्ख लावल्यासारखे चकाकू लागते. बाहेर काढावे तो कोरडे आणि पूर्ववत हिरवे! पानावर मेणचट, अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे पाणी पानाला भिडत नाही, मध्ये हवेचा पातळ थर अडकून राहतो. पाण्यातून आलेला तिरपा प्रकाश त्या हवेवरून पूर्णपणे परततो, म्हणून रुपेरी दिसते. तेच पान पाण्यातच समोर वळवून सरळ न्याहाळावे, म्हणजे पुन्हा हिरवे दिसते, कारण आता आपली नजर सीमेच्या कोनाच्या आत आली. पानावर साबणाचे पाणी चोळून पुन्हा बुडविल्यास हवेचा थर निघून जातो आणि चांदीही जाते. या प्रयोगास एक पैसा खर्च नाही. पानाची नंतर भाजी मात्र करू नये, साबण लागलेला असतो.

दुसरा प्रयोग नाण्याचा. सपाट तळाचा, सरळ बाजूंचा काचेचा पेला घ्यावा. मेजावर कोरडे नाणे ठेवून त्यावर कोरडा पेला ठेवावा. बाजूने पाहिल्यास नाणे स्वच्छ दिसते. आता पेल्यात काठोकाठ पाणी ओतून वर बशी झाकावी. बाजूने पाहावे, तर नाणे नाहीसे झालेले! पेला फिरवून पाहिला तरी ते सापडत नाही. मुलांना बोलावून हा खेळ जरूर दाखवावा. पण खरी मौज पुढेच आहे. पेला उचलून नाण्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे आणि पेला पुन्हा त्यावर दाबून ठेवावा, मध्ये बुडबुडा राहू देऊ नये. नाणे परत येते.

असे का व्हावे? कोरड्या नाण्याच्या आणि पेल्याच्या मध्ये हवेची पातळ फट असते. त्या हवेतून पेल्यात शिरताना प्रत्येक किरण उभ्या रेषेकडे झुकतो, त्यामुळे आत गेल्यावर तो फारसा आडवा राहतच नाही. असा बऱ्यापैकी उभा किरण बाजूच्या भिंतीवर फार तिरपा आदळतो, तेथून पूर्णपणे परततो आणि वरच्या बाजूने बाहेर पडतो. वर आपण बशी ठेविली आहे. थेंब टाकल्यावर हवेची फट बुजते. आडवे किरणही पाण्यातून थेट शिरू शकतात, आणि ते बाजूने बाहेर पडून डोळ्यांपर्यंत येतात. हवा काढली, आरसा गेला. मातेच्या प्रश्नाचे उत्तर चिरंजिवांनी याच पेल्यातून द्यावे.

येथे कोणी वाचक विचारील की इंदूर-उज्जैन रस्त्यावर उन्हाळ्यात समोर पाण्याचे डबके दिसते आणि जवळ जाताच नाहीसे होते, ते हेच काय? ते याचेच भावंड म्हणावे. तापलेल्या रस्त्यालगतची हवा वरच्या हवेहून विरळ असते, आणि अगदी आडवा येणारा आकाशाचा प्रकाश तिच्यातून वर वळतो. तेथे पाण्यासारखी स्पष्ट सीमा नसल्याने किरण एका ठिणगीसारखा उसळत नाही, हळूहळू वाकत जातो. दिसते ते पाणी खरे पाहता आकाशाचा तुकडाच असतो.

आता ‘पूर्ण’ या शब्दाकडे वळू. विद्यार्थी तो नुसता उच्चारून पुढे जातात, आणि सारी किंमत त्याच शब्दात आहे. समजा, एखादा उत्तम आरसा शंभरातील ९५ भाग प्रकाश परत पाठवितो. एकदा तोंड पाहावयास हे पुष्कळ झाले. परंतु अशा आरशांवर दहा वेळा आपटलेला प्रकाश ६० भागांवर येतो, आणि शंभर वेळा आपटल्यावर एक भागही शिल्लक राहत नाही. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत मात्र प्रकाश एका मीटरमध्येच हजारो वेळा काठावर आपटू शकतो. चांदीचा मुलामा दिलेल्या नळीने तो कोठेच पोहोचला नसता. हवेच्या किंवा विरळ काचेच्या सीमेवरील परावर्तनात गळती नाही, म्हणून पोहोचतो.

ही वाट पाहण्यासाठी तिसरा प्रयोग करावा, आणि तो रात्री करावा. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घेऊन तळाच्या थोडे वर, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक असे गुळगुळीत, गोल छिद्र पाडावे. तापलेल्या खिळ्याने ते चांगले पडते. हे काम वडिलांनी किंवा थोरल्या भावाने करावे. छिद्रावर बोट धरून पाणी भरावे आणि झाकण घट्ट लावावे, म्हणजे धार थांबून राहते. छिद्राच्या बरोबर समोरील बाजूस विजेरी धरून तिच्याभोवती काळा कागद गुंडाळावा. खाली बादली ठेवावी, दिवे मालवावे, झाकण सैल करावे. धार कमान करून बादलीत पडेल. तिच्याखाली हात धरला की तळव्यावर प्रकाशाचा ठिपका नाचू लागतो. पाणी जसजसे उतरते तसतशी धार जवळ पडू लागते, आणि ठिपकाही तिच्याबरोबर सरकतो. सरळ चालणारा प्रकाश पाण्याबरोबर वाकलेला दिसतो. वास्तविक तो आतल्या आत छोट्या छोट्या सरळ पल्ल्यांनी काठावर आपटत उतरलेला असतो.

जत्रेत आणि दुकानांत मिळणारी लेसरची कांडी या कामी अधिक झगझगीत दिसते, हे खरे. तरीही मुलांच्या हाती ती देऊ नये असेच आम्ही म्हणू. त्या किरणाने डोळ्यांच्या पडद्यास कायमची इजा होऊ शकते, आणि ओल्या बाटलीवरून तो कोणत्या दिशेला उडेल याचा नेम नसतो. विजेरीने काम भागते.

धार स्वतः फारशी उजळलेली दिसत नाही, याने हिरमुसू नये. बाजूने प्रकाश दिसत नाही याचाच अर्थ तो आत नीट कोंडला आहे. पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकले की बाटलीतील किरण आणि धार दोन्ही सुरेख दिसू लागतात. मात्र तळव्यावरील ठिपका मंदावतो. वाटेवर जो प्रकाश आपल्या डोळ्यांना मिळाला तो तळव्याला मिळणार नाही, असा हा चोख हिशेब आहे. पुढे काचेच्या तंतूबाबत शास्त्रज्ञांना याच हिशेबाने अडविले.

या धारेचा इतिहास मनोरंजक आहे. काचेतून तिरपा निघालेला प्रकाश बाहेर पडत नाही हे केप्लरने १६११ साली लिहून ठेविले होते. परंतु धारेत प्रकाश कोंडण्याचा प्रयोग जिनिव्हाच्या दानिएल कोलादों यांनी १८४१ साली केला. पाण्याच्या धारा श्रोत्यांना मागच्या बाकापर्यंत नीट दिसाव्यात, एवढ्याच हेतूने या अध्यापकाने त्यांत प्रकाश सोडला होता! लंडनला जॉन टिंडल यांनी हा प्रयोग १८५४ साली दाखविला, आणि पुष्कळ पुस्तकांतून श्रेय त्यांनाच मिळत राहिले. आमच्या मते वर्गातील शेवटच्या बाकाची चिंता करणाऱ्या माणसाचे नाव पाठ्यपुस्तकात असावयास हवे होते.

पुढील पाऊल एका भारतीयाचे आहे. पंजाबात मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी डेहराडूनला शिकत असता, प्रकाश केवळ सरळ रेषेतच जातो असे शिक्षकांनी सांगितले, आणि ते खोडून काढावयाचे आपल्या मनाने तेव्हाच घेतले, असे ते सांगत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून त्यांनी चित्र पार नेले. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचे टिपण होते. तंतूला वेगळ्या, विरळ पदार्थाचे कवच हवे, हा त्यांचा मुद्दा. कवच कशासाठी, हे पेल्यावर पाहता येते. भरलेल्या पेल्याच्या पाण्यातून वरून आतल्या भिंतीकडे पाहावे, ती रुपेरी दिसते. बाहेरून ओले बोट काचेवर दाबावे. बोटाच्या रेषा जेथे काचेला भिडतात, तेथेच चांदी पुसली जाते. उघडा तंतू शेजारच्या तंतूला किंवा बोटाला लागला की प्रकाश असाच गळतो.

या जुडीचा पहिला मोठा उपकार रुग्णांवर झाला. १९५७ साली अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी तंतूंची लवचिक दुर्बीण तयार करून प्रथम स्वतःच्याच घशातून उतरविली. आपल्याकडे ज्याला ‘दुर्बीण घालून तपासणी’ म्हणतात ती अशी सुरू झाली. आता टोकाला बारीक कॅमेरा बसविलेला असतो. पण पोटातील अंधारात उजेड नेण्याचे काम बहुधा अजूनही काचेचे तंतूच करतात.

दूरच्या संदेशवहनाचे मात्र जमेना. परावर्तन पूर्ण असले तरी काचच मळकट होती. एक किलोमीटरच्या आतच सारे विझून जाई. हाच तो दुधाचा थेंब. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी हा दोष काचेतील अशुद्ध द्रव्यांचा आहे, काचेचा नव्हे, असे दाखविले, आणि एक किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग प्रकाश उरला तरी काम भागेल असा हिशेब मांडला. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच तयार केली. आजच्या चांगल्या तंतूत किलोमीटरअंती शंभरातील सुमारे ९५ भाग शिल्लक राहतात. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कपानी त्यातून वगळले गेले, याची हळहळ पुष्कळांना वाटली आणि आम्हालाही वाटते. त्यांचे निधन डिसेंबर २०२० मध्ये झाले, आणि भारत सरकारने २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आपल्या देशात दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी प्रकाशतंतूची पहिली योजना १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. सांवेरच्या मंडळींना आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर इंदुरातच, १९८४ साली पायाभरणी झालेल्या व आता राजा रामण्णा यांचे नाव धारण करणाऱ्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, लेसरवरील संशोधन चालते. चिरंजिवांनी आधी पेला आणि नाणे यांचा निकाल लावावा. बाटलीचा प्रयोग फसल्यास छिद्राची कड तपासावी. ती खरखरीत असली की धार फुटते आणि प्रकाश वाटेतच सांडतो. अशा वेळी नवी बाटली घेऊन छिद्र पुन्हा पाडावे हे उत्तम.