रांगणारं मूल कुठे गेलं?



आजचा विषय बघून काहीजणी हसतील. व्हिडिओ गेम! पण हा गेम बंदुकांचा नाही, गाड्यांच्या शर्यतीचाही नाही. यात घर चालवायचं असतं. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, वेळेवर झोपवायचं, कामाला पाठवायचं, बिलं भरायची, बिघडलेलं बेसिन दुरुस्त करून घ्यायचं. नाव ‘द सिम्स’. माझ्या मुलीने दहावीच्या सुट्टीत याचा दुसरा भाग आणला, तेव्हापासून मीही दुपारी सगळं आवरलं की अधूनमधून खेळते. माझ्या सिम बायकांना मी सूर्यास्ताच्या आत जेवायला बसवते, यावरून मुलगी अजून मला चिडवते. चिडवू दे.

या गेमचा चौथा भाग आला तेव्हा जुन्या खेळणाऱ्यांनी मोठा ओरडा केला होता. अजूनही पुढच्या भागाचा विषय निघाला की तो वाद वर येतो. माझं मत अगदी स्पष्ट आहे. ओरडणारे बरोबर होते, आणि ते का बरोबर होते हे घर चालवणाऱ्या बाईला चटकन कळेल.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. विल राइट नावाचे अमेरिकेतले गेम बनवणारे. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला, त्यात त्यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना काय काय लागतं, कोणती वस्तू आधी घ्यायची, कशावाचून चालतं, याचा विचार करता करता त्यांना या गेमची कल्पना सुचली. सुरुवातीला तो घर बांधण्याचाच गेम होणार होता, माणसं फक्त घर सोयीचं झालंय का ते दाखवायला. पण माणसांनीच तो गेम ताब्यात घेतला. पहिला भाग २००० साली आला, दुसरा २००४, तिसरा २००९. खेळणाऱ्यांत मुली आणि बायका भरपूर, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

पहिल्या भागात मुलं मोठीच होत नव्हती. दुसऱ्या भागात माणूस जन्मल्यापासून म्हातारा होईपर्यंतचा सगळा प्रवास आला, आणि त्यात ते एक ते तीन वर्षांचं पिल्लू आलं. ते घरभर रांगायचं. त्याला चालायला शिकवायचं, बोलायला शिकवायचं, पॉटीवर बसायला शिकवायचं. हे सगळं आईने किंवा बाबाने जवळ बसून करायचं, आणि त्यात तासन् तास जायचे. आई दमायची, तिची झोप अपुरी राहायची, स्वयंपाक राहून जायचा. मूल बोलायला शिकलं की त्या माणसांच्या आठवणींच्या यादीत त्याची नोंद व्हायची. मला ती नोंद फार आवडायची. नोकरीतली बढती आणि बाळाचं बोलणं एकाच यादीत! आपल्या खऱ्या घरात अशी यादी कोण ठेवतं?

मग सप्टेंबर २०१४ मध्ये चौथा भाग आला. बाजारात येण्याआधीच कंपनीकडून कळलं होतं की यात पोहण्याचा तलाव नसेल आणि रांगणारी-दुडुदुडु चालणारी मुलंही नसतील. कारण असं दिलं गेलं की नव्या तंत्रावर, माणसांच्या भावनांवर आणि घर बांधण्याच्या सोयींवर भर दिला आहे, सगळंच पहिल्या दिवशी देता येत नाही. म्हणजे झालं काय, बाळ जन्मलं की ते पाळण्यात. पाळणा सोडून कुठे नाही, जणू पाळण्याचाच एक भाग. आणि एके दिवशी वाढदिवस झाला की ते थेट शाळेत जाणारं मूल! मधली वर्षं गायब.

खेळणारे भडकले. काय काय गेलं त्याच्या लांबलचक याद्या निघाल्या. परीक्षकांनाही फार आवडला नाही. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर आधीच्या तीन भागांना १०० पैकी ९२, ९० आणि ८६ होते, चौथा ७०च्या आसपास राहिला.

दुसऱ्या बाजूचे लोकही होते. त्यांचं म्हणणं, त्या पिल्लांमध्ये काय एवढं होतं? सगळ्यात कंटाळवाणा टप्पा तो. आम्ही तर वाढदिवसाचा केक आणून तो लवकर उरकायचो. कोणी म्हणायचं, फुकट हवं असणाऱ्यांची ही रडगाणी. इथे माझा जीव अडकतो. कारण हे वाक्य आपण खऱ्या आयुष्यातही ऐकलेलं आहे. मूल लहान असताना घरी असलेल्या बाईला विचारतात, दिवसभर तू करतेस तरी काय? तो टप्पा बाहेरून कंटाळवाणाच दिसतो. एकच शब्द पन्नास वेळा म्हणायचा, एकच पायरी वीस वेळा चढायची-उतरायची. दाखवण्यासारखं हातात काही नाही.

आणि काम जास्त, वेळ कमी अशी पाळी आली की काय आधी कापलं जातं? जे दाखवता येत नाही तेच. चौथ्या भागात चेहरा तर असा घडवता येतो की नाक, गाल धरून ओढा नि हवा तसा आकार द्या. अख्खी खोली भिंतींसकट उचलून दुसरीकडे ठेवता येते. जाहिरातीत हे सुंदर दिसतं. पॉटीवर बसायचं नाही म्हणून हट्ट धरलेलं मूल जाहिरातीत कोण दाखवणार? पण घराचा गेम म्हणून विकायचा आणि घरातलं सगळ्यात जास्त श्रमाचं वयच वगळायचं, तर राहिलं काय? सजवलेल्या खोल्या. खेळणाऱ्यांना ते नाव देता आलं नसेल, ते ‘आमची मुलं परत द्या’ एवढंच म्हणत राहिले. बरोबर जागी बोट ठेवलं होतं त्यांनी.

शेवटी मुलं आली. जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे दोन वर्षं चार महिन्यांनी, आणि फुकट आली. आली ती मात्र अशी गोड की बनवणाऱ्यांचं कौतुक करावंच लागतं. कोणी शांत, कोणी चिकट, आईला सोडतच नाही, कोणी रडका, कोणी दंगेखोर. अन्न फेकतात, रात्री उठवतात, हट्ट करून जमिनीवर पडतात. तान्ह्या बाळांना पाळण्यातून बाहेर यायला मार्च २०२३ उजाडला. तेव्हा कुठे ती पोटावर पडून मान उचलायला लागली, बसायला, रांगायला शिकली. गेम आला २०१४ मध्ये, बाळ रांगलं २०२३ मध्ये. साडेआठ वर्षांनी!

सगळ्याच तक्रारी मला पटतात असं नाही. तिसऱ्या भागात अख्खं गाव मोकळं होतं, सिम घरातून निघून चालत शेजारी जायची, बाजारात जायची. चौथ्यात शेजारच्या दारात जायचं तरी पडद्यावर थांबायला लागतं. याचं दुःख फार लोकांनी केलं. मला नाही वाटलं एवढं. तिसरा भाग आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर असा रखडत चालायचा की गेममधली बाई बाजारातून येईपर्यंत माझा कुकर होऊन जायचा. चौथा साध्या लॅपटॉपवर सरळ चालतो. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे तिथे ही सोय छोटी नव्हे.

चौथ्यात आणखी एक गोष्ट फार खरी केली आहे. यातली माणसं एका वेळी दोन कामं करतात. जेवता जेवता बोलतात, टीव्ही बघता बघता बोलतात, कणीक मळता मळता... कणीक नाही मळत बिचारी, पण स्वयंपाक करता करता गप्पा मारतात. आधीच्या भागात एक काम सोडून दुसरं धरायचं. तेव्हा मला नेहमी वाटायचं, हा स्वयंपाक पुरुषाने बनवलाय.

तलावाचं सांगायचं राहिलं. तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, दोनच महिन्यांत परत आला. तलाव हवा म्हणणाऱ्यांत एक मोठा गट असा होता ज्यांना पोहण्यापेक्षा बुडवण्यात रस. जुन्या भागांत माणूस पाण्यात उतरला की शिडी काढून घ्यायची, मग तो दमून बुडायचा. लोक हे हसत हसत सांगतात. या गटात मी नाही, आणि माझ्या घरात खेळणाऱ्या पोरांनाही मी ते करू देत नाही. पडद्यावरचा जीव खरा नाही हे मलाही कळतं. शिडी काढणारं मन मात्र खरं असतं ना?

चौथ्या भागात माणूस रागानेही मरतो, हे वाचून तुम्हाला आपले चार कषाय आठवतील. संताप फार वाढू दिला आणि शांत नाही केलं तर खरंच जीव जातो. अतिशय लाज वाटूनही जातो, अतिशय हसूनही. हे बनवणाऱ्यांनी विनोद म्हणून केलं आहे. मला रागाचं तेवढं विनोदी वाटलं नाही. शाकाहारी हा स्वभावही त्यात निवडता येतो, आणि तशा सिमने मांसाहार केला तर तिला मळमळतं. माझ्या सगळ्या सिम शाकाहारी आहेत हे वेगळं सांगायला नको.

पैशाबद्दल मात्र तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने मी दोन पावलं पुढे आहे. चौथ्या भागात पाळीव कुत्री-मांजरं नोव्हेंबर २०१७ मध्ये आली, पाऊस-थंडी-उन्हाळा जून २०१८ मध्ये, आणि दोन्ही वेगळे पैसे भरून. जुन्या भागांतही ती वेगळी विकत घ्यावी लागत होती, मान्य. पण एकदा घेतलेली वस्तू प्रत्येक नव्या घरात पुन्हा विकत घ्यायची? आता सगळे पॅक मिळून बेरीज हजार डॉलरच्या वर जाते. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेल्या कपड्यांचाही २०२१ मध्ये एक छोटा पॅक निघाला. खऱ्या फॅशन स्ट्रीटवर निदान घासाघीस तरी करता येते.

या पॅकमधला एक किस्सा माझा फार आवडता आहे. २०१७ मध्ये कंपनीने खेळणाऱ्यांनाच मत द्यायला सांगितलं की पुढे काय बनवायचं. काय निवडलं असेल लोकांनी? कपडे धुणं! जानेवारी २०१८ मध्ये तो पॅक आला. मशीन, हाताने धुवायची टब, कपडे वाळत घालायची दोरी. ड्रायरमधली लव साफ नाही केली तर आग लागते. दोरीवर उन्हात वाळलेले कपडे घातले की माणसाला प्रसन्न वाटतं. जगभरातल्या खेळणाऱ्यांनी हौसेने, पैसे मोजून धुणं मागून घेतलं. तरीही लोक म्हणतात की मुलं हवी म्हणणाऱ्यांना गेममध्ये काय मजा आहे ते कळत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की चौथ्याची जागा घेणारा सरळ पाचवा भाग येणार नाही, चौथाच वाढवत राहू. खेळणाऱ्यांत पुन्हा दोन तट पडले. काहींना बरं वाटलं की घेतलेले पॅक वाया जाणार नाहीत. काही म्हणाले, जुन्या घराला किती ठिगळं लावणार. मी पहिल्या तटात. नवं घर बांधताना पुन्हा पाळण्याच्या पुढचं मूल विसरले तर आणखी आठ वर्षं कोण थांबणार?

माझी स्वतःची एक मागणी मात्र चारही भागांनी पुरी केलेली नाही. एका घरात आठच माणसं ठेवता येतात. माझ्या माहेरी आजी धरून अकरा होतो. तीन काका-काकूंना शेजारच्या घरात ठेवलं तर ते ‘पाहुणे’ होतात, दारात येऊन बेल वाजवतात. सख्ख्या काकूने बेल वाजवून यायचं!

तुमच्या मुलींनी मागितला तर मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, पॅकना पैसे पडतात, तेव्हा कार्डाचा नंबर लॅपटॉपमध्ये साठवू नका. पहिल्या घरात दोनच माणसं घ्या, आणि सोफा घेण्याआधी भिंतीवर आगीची घंटा बसवा. स्वयंपाक न येणाऱ्या सिमने पहिल्याच दिवशी ओटा पेटवला नाही असं क्वचितच होतं.