पुरावा मागणाऱ्यांचे राजकारण

‘तंबाखू सोडा’ म्हटले की बहुतेक पेशंटचे उत्तर ठरलेले असते. ‘डॉक्टरसाहेब, आमचे आजोबा रोज चंची रिकामी करायचे आणि नव्वदीपर्यंत जगले. त्यांना कुठे कॅन्सर झाला?’ हा प्रश्न भाबडा असतो. त्यामागे कुणाचा स्वार्थ नसतो. पण हाच प्रश्न कायदे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत विचारला जातो, तेव्हा मात्र वाचकांनी सावध व्हायला हवे.

१९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट व फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला. त्यावर अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत मोठी जाहिरात दिली. संबंध सिद्ध झालेला नाही, आम्ही स्वतः संशोधनाला पैसे देऊ, असा तिचा सूर होता. पुढे कोर्टकचेऱ्यांत या कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांतल्या १९६९ च्या एका टिपणात स्पष्ट लिहिले होते की, शंका हाच आपला माल आहे.

यातली मेख लक्षात घ्या. कायदा अडवायचा तर तंबाखू निर्दोष आहे, हे सिद्ध करावे लागत नाही. ‘अजून अभ्यास हवा’ एवढे म्हटले तरी पुरते. समिती नेमली जाते, तारीख पुढे ढकलली जाते आणि तेवढे दिवस विक्री सुखेनैव चालू राहते.

आपल्याकडेही हेच घडले. तंबाखूच्या पाकिटावरचा सचित्र इशारा पूर्वी एकाच बाजूच्या ४० टक्के भागावर असे. तो दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर छापावा, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढली. ती १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. त्याआधीच लोकसभेच्या एका समितीने ती थांबवण्याची शिफारस केली. तंबाखूने कॅन्सर होतो असे सांगणारे भारतीय सर्वेक्षण नाही, सारे अभ्यास परदेशातले आहेत, असे समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी म्हणाले होते. समितीतले एक सदस्य तर स्वतःच विडी उद्योजक होते! इशारा एक वर्ष लांबला.

भारतीय अभ्यास खरोखरच नव्हते काय? मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकाऱ्यांसह तंबाखू आणि तोंड-घशाच्या कॅन्सरवरचा अभ्यास १९५५ सालीच प्रसिद्ध केला होता. २००८ साली देशातल्या सुमारे ११ लाख घरांतील मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेला धूम्रपानाचा अभ्यासही छापून आला होता. पुरावा होता, तो बघायची इच्छा नव्हती.

दुसरा मुद्दा रोजगाराचा. तो मात्र खरा आहे. सोलापूर, सिन्नरकडच्या हजारो बायाबापड्यांची चूल विडीवर पेटते. त्यांना पर्यायी काम मिळालेच पाहिजे आणि त्यासाठी सरकारला धारेवर धरायला हवे. परंतु त्यांच्या पोटाचा प्रश्न कारखानदाराने ढालीसारखा पुढे करावा, हे पटत नाही. तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर बसून सर्वांत आधी खोकतात त्या याच बाया.

अखेर १ एप्रिल २०१६ पासून मोठा इशारा लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून तो टिकला. ज्या देशात तंबाखूमुळे वर्षाला सुमारे १३ लाख माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिथे एका वर्षाचा विलंब क्षुल्लक म्हणता येईल काय?

आपली बाजू मांडण्याचा हक्क सर्वांनाच आहे. कंपन्यांना आहे, तसा आम्हा डॉक्टरांनाही आहे. ऐकणाऱ्याने फक्त तीन गोष्टी विचाराव्यात. या माहितीसाठी पैसा कोणी दिला? मूळ आकडे सर्वांना तपासायला खुले आहेत का? आणि निर्णय लांबला तर फायदा कोणाचा? साखर असो, मद्य असो वा औषधे असोत, हीच कसोटी लावा. निर्णय घेणाऱ्या समितीत त्या धंद्यातला माणूस नसावा, एवढा आग्रह तरी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरलाच पाहिजे.

आणि तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल, तिखट झोंबत असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर कुठल्याही समितीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.