नवे पाते, हलका हात

कधीच कुणाचे मुंडण झाले नाही, असे घर सिन्नरमध्ये विरळाच. वडील गेले की दशक्रियेला मुलगे, पुतणे वस्तऱ्याखाली बसतात. नातवाचे जावळ असते, तिरुपतीचा नवस असतो. 2027च्या सिंहस्थात नाशिकला रामकुंडावर जाणारेही अनेक असतील. शिवाय केस विरळ झाले म्हणून घरच्या घरी गोटा करणारे पुरुष आता सगळीकडे दिसतात. प्रसंग कोणताही असो, त्या डोक्याची काळजी नीट घेतली जावी, एवढे मला मनापासून वाटते.

सगळ्यात आधी पाते. दशक्रियेला घाटावर एकामागून एक डोकी होत असतात. दुःखात कुणी काही विचारत नाही. पण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्याला पुरते. पाते पाण्यात बुडवून, फडक्याने पुसून तो जात नाही. म्हणून प्रत्येक डोक्याला नवे पाते हवेच. तुरटीचा खडासुद्धा ज्याचा त्याचा असावा. ‘पाते बदला’ म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. चांगला कारागीर न सांगताच बदलतो.

घरी करायचे तर वेळ हाताशी ठेवा. आधी मशीनने केस बारीक करा. लांब केसांत पाते अडकते आणि कातडी ओढली जाते. मग डोक्यावरून बोटे फिरवून मस, फोड, जुनी खूण कुठे आहे ते बघून घ्या. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे डोक्याला गुंडाळा, मग दाट फेस लावा. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही, तेव्हा पिण्याचे पाणी वापरा. एका हाताने कातडी ताणा, दुसऱ्याने पाते केसांच्या दिशेने फिरवा, दाब अजिबात नको. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे दिशा सारखी बदलावी लागते. कानामागे आणि मानेवर आपला हात नीट पोचत नाही. तिथे घरातल्या कुणाला तरी बोलवा. गुळगुळीत हवे असेल तर पुन्हा फेस लावून आडवे फिरवा. उलटे ओढले की केस कातडीतच अडकून पुटकुळ्या येतात. डोक्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहानसा कापही बराच वाहतो. स्वच्छ कापडाने दाबून धरा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर मशीनवरच थांबा. नंतर काही दिवस उन्हात टोपी घाला, उघड्या डोक्याची कातडी लवकर भाजते. आणि वापरलेले पाते डबीत बंद करून टाका. घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याचे हात त्यात जातात.

जावळाच्या वेळी बाळाची टाळू सांभाळा. ती भरायला साधारण दीड वर्ष लागते. मुंडणाने केस दाट होतात, हा समज मात्र सोडून द्यावा. केस कातडीखालच्या मुळातून वाढतात, तिथवर वस्तरा पोचतच नाही.

माझ्या मावशीची केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसू लागले. या उपचारात रक्तातल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वस्तरा नको, मशीनच बरे. पण त्याहून महत्त्वाचे होते ते तिला विचारणे. ‘आज नको’ म्हणाली, आम्ही थांबलो. पुढे एका सकाळी तिनेच मशीन माझ्या हातात दिले.

हे विचारणे आपल्याकडे फार उशिरा आले. विधवांचे केस त्यांच्या मनाविरुद्ध उतरवले जात. 1890मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि हे काम आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला. कुठे थांबायचे हे कळणे हाही त्या कसबाचाच भाग आहे. घरात कुणाच्या डोक्याला हात लावाल तेव्हा नवे पाते घ्या, हात हलका ठेवा आणि त्या माणसाचा होकार आधी घ्या.