आधी कळवा, मग थांबवा

गव्हाच्या निर्यातीसाठी नऊ देशांत व्यापारी शिष्टमंडळे धाडण्याची घोषणा केंद्र सरकारने १२ मे २०२२ रोजी केली आणि दुसऱ्याच दिवशी निर्यातच बंद करून टाकली. या कोलांटउडीची सर्वाधिक झळ बसली बांगलादेशाला. २०२१-२२ मध्ये भारताने सुमारे ७० लाख टन गहू परदेशी विकला; त्यातला निम्म्याहून अधिक या एका शेजाऱ्याने घेतला होता. त्याच्या स्वतःच्या शेतात गहू पिकतो जेमतेम ११-१२ लाख टन. युद्धामुळे युक्रेनचा गहू अडलेला असताना आपलेही दार लागले.

बंदीचे कारण खोटे नव्हते. मार्चच्या उष्णतेत दाणा नीट भरला नाही. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. कोट्यवधी लोकांचे रेशन चालवणाऱ्या सरकारने आधी घरचे कोठार पाहावे, यात गैर काहीच नाही. आक्षेप आहे तो रातोरात हुकूम काढण्यावर. पतपत्र उघडलेल्या सौद्यांना आणि सरकारी विनंतीवरून होणाऱ्या निर्यातीला मुभा होती खरी, तरीही बंदरांत आणि सीमेवर ट्रक ताटकळलेच. आपला शेतकरीही यातून सुटला नाही. २,०१५ रुपयांच्या हमीभावापेक्षा जास्त दर व्यापारी देऊ लागला होता. बंदीने तो दर खाली ओढला.

लासलगावच्या कांदा उत्पादकाला हे नवे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात अशीच अचानक थांबली, तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरायला सांगितल्याचा टोमणा मारला होता. थोडे आधी कळवले असते तर बरे झाले असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जागतिक व्यापार संघटनेचा कृषी करारही हेच सांगतो: अन्नधान्याची निर्यात रोखण्यापूर्वी लेखी पूर्वसूचना द्या, घेणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा.

गिऱ्हाईक फार काळ थांबत नाही. बांगलादेश रशियाकडे वळला. जुलै २०२५ मध्ये त्याने अमेरिकेशी पाच वर्षे दरसाल ७ लाख टन गहू घेण्याचा समझोता केला. हाकेच्या अंतरावरचे धान्य सोडून तो समुद्रापारचे घेतो, यात त्याचा वाहतूकखर्च वाढतो आणि आपली बाजारपेठ जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये ढाक्याने जीवनावश्यक मालासाठी वार्षिक कोटा मागितला होता. ती मागणी रास्त होती. पीक हाती येताच कोटा ठरावा, कपात करायचीच तर पुरेशी मुदत मिळावी आणि रस्त्यावर असलेला माल कोणत्याही हुकुमाने अडू नये. ढाक्यानेही आपल्या कांद्याचे आयात परवाने मनाला येईल तेव्हा रोखणे थांबवावे. दोन्ही सरकारांनी हे नियम लेखी करावेत. व्यापारी, शेतकरी आणि शेजारी या तिघांनाही दराच्या चढउतारापेक्षा जास्त नडते ती सरकारची लहर.